लॅपटॉपची फोडणी

लॅपटॉप उघडायचा आणि आत नुसती एक फुंकर मारायची, एवढंच भय्यासाहेबांनी ठरवलं होतं.

भय्यासाहेब पिंपळखुटे सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांच्या जबलपूरच्या घरात कुठलीही वस्तू सुखाने बिघडू शकत नव्हती. मिक्सर जरा खरखरला की भय्यासाहेब स्क्रू काढायचा पेचकस घेऊन हजर. त्यांनी दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ अजून चालतं. (फक्त ते आडवं ठेवावं लागतं.) इस्त्री मात्र त्यांनी दुरुस्त केली आणि नंतर ती कुणालाच देता आली नाही, भंगारवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, "बाबूजी, इसको हाथ लगाओ तो झुनझुनी आती है."

लॅपटॉप विनताबाईंचा होता, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याच्यावर त्यांची सगळी अब्रू अवलंबून होती.

पुण्याच्या एका भाषाप्रेमी मंडळाने विनताबाईंना ऑनलाइन व्याख्यानाचं आमंत्रण दिलं होतं. विषय होता, 'जबलपूरच्या घरांतली मराठी'. आता विनताबाईंचं आणि पुण्याचं जुनं प्रकरण होतं. लग्नानंतर लगेचच पुण्यातल्या एका कार्यात त्या स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाल्या होत्या, "मी पोळ्या करून राहिली!" त्यावर तिथल्या बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. एकीने तर विचारलंही, "करून राहिलीस? कुठे राहिलीस?" त्या दिवसापासून पुण्याचं नाव निघालं की विनताबाईंच्या जिभेला कुलूप लागायचं. आणि आता तेच पुणं समोर बसून ऐकणार होतं! महिनाभर त्या आरशासमोर "करत आहे, जात आहे, येत आहे" असा जप करत होत्या.

आदल्या दिवशी मंडळाच्या पद्मजाताईंबरोबर तालीम झाली. सगळं छान झालं, पण शेवटी पद्मजाताई म्हणाल्या, "आवाज उत्तम येतोय हो. फक्त मागे कुणी दळण दळतंय का?"

दळण कुणी दळत नव्हतं. तो लॅपटॉपचा पंखा होता.

विनताबाई व्याख्यानाच्या साडीचा ब्लाउज शिंप्याकडून आणायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात निघाल्या. चपला घालता घालता वळून म्हणाल्या, "लॅपटॉपला हात नका लावू हं."

"छे! मी काहून लावू?" भय्यासाहेब म्हणाले. आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. फाटक लागल्याचा आवाज आला आणि मन बदललं, त्याला ते तरी काय करणार?

मोबाइलवर एक व्हिडिओ होता. त्यातला तरुण हसत हसत म्हणत होता, "तो दोस्तों, डरने की कोई बात नहीं. लॅपटॉप खोलना बच्चों का खेल है." भय्यासाहेबांना हा मुलगा फार आवडला. त्यांनी चष्म्याचा बारीक पेचकस काढला, जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि लॅपटॉप पालथा घातला. खालचे चार काळे रबरी पाय निघाले, ते बशीत ठेवले. त्यांच्याखाली बारीक काळे स्क्रू होते, ते स्टीलच्या वाटीत ठेवले. झाकण काही निघेना. व्हिडिओत मुलगा प्लास्टिकची पातळ पट्टी वापरत होता. ती घरात नव्हती, म्हणून भय्यासाहेबांनी उलथनं आणलं.

"कट्" असा आवाज झाला. तो क्लिपचा होता की आणखी कशाचा, हे त्यांनी न शोधण्याचं ठरवलं.

पण आतलं दृश्य पाहून त्यांचं मन भरून आलं. पंख्यावर धुळीचा असा थर बसला होता की नीट विंचरला असता तर एक आसन विणता आलं असतं. त्यांनी जुन्या टूथब्रशने पंखा घासून चकचकीत केला. तांब्याच्या नळीच्या टोकाखाली काही राखाडी, वाळकं चिकटलं होतं, तेही पुसून काढलं. मग व्हिडिओ पुढे सरकला आणि मुलगा म्हणाला, "दोस्तों, यहाँ थर्मल पेस्ट होती है. इसके बिना लॅपटॉप तवे जैसा गरम हो जाएगा."

भय्यासाहेबांनी बाथरूममधलं कपाट उघडलं. पेस्ट तर पाहिजे. घरात पेस्ट एकच होती. ती लवंगेची होती, हे त्यातल्या त्यात बरंच, असं त्यांना वाटलं. (लवंग उष्ण असते हे आठवलं, पण तोवर लावून झाली होती.)

एवढ्यात फाटकाशी गॅसवाल्याने हाक मारली. भय्यासाहेब सिलिंडर आत घ्यायला उठले, आणि बेबीताई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

बेबीताई म्हणजे भय्यासाहेबांच्या थोरल्या बहीण. मझौलीहून डोळे दाखवायला आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण त्यांचा स्वभाव असा की दिसत नाही हे कबूल करण्यापेक्षा भिंतीला धडकलेलं बरं. विनताला आज घाई आहे, तर भाजी आपण टाकावी, या प्रेमाने त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. जाता जाता टेबलावरची वाटी उचलली.

सिलिंडर जागेवर लावून भय्यासाहेब परतले. टेबलावर वाटी नव्हती आणि बशीही रिकामी होती. त्यांनी टॉवेल झटकला, टेबलाखाली रांगले, स्वतःचे खिसे उलटे केले. तेवढ्यात फाटक वाजलं. भय्यासाहेबांनी झाकण तसंच वरून दाबून बसवलं, लॅपटॉप सरळ केला, आणि शेजारी वर्तमानपत्र घेऊन अशा चेहऱ्याने बसले की कुठल्याही माणसाला संशय यावा.

विनताबाईंना आला नाही. त्या घाईत होत्या. साडी नेसून आल्या, लॅपटॉप सुरू केला. तो चक्क सुरू झाला, आणि पंख्याचा आवाज नाही! भय्यासाहेबांना छातीत हत्ती झुलल्यासारखं वाटलं.

"अगबाई, आज गपचूप आहे हा," विनताबाई म्हणाल्या. "आणि लवंगेचा वास कुठून येऊन राहिला? येत... येत आहे?"

"ताई काहीतरी करून राहिली असेल," भय्यासाहेब म्हणाले.

मग विनताबाईंनी ते केलं, जे भय्यासाहेबांच्या हिशेबात नव्हतं. चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी पोह्यांचे दोन डबे थोडं अंतर ठेवून मांडले आणि लॅपटॉप त्यांच्यावर पुलासारखा ठेवला. खालचं झाकण, ज्याला एकही स्क्रू नव्हता, ते दोन डब्यांच्या मधोमध अधांतरी राहिलं.

व्याख्यान सुरू झालं. पडद्यावर पुण्याचे पुष्कळ चेहरे होते. विनताबाई बोलू लागल्या, "मान्यवर श्रोतेहो, मध्य प्रदेशात वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या भाषिक व्यवहाराचे स्वरूप..." वाक्य इतकं शुद्ध होतं की पुण्यातल्या एका आजोबांनी तिथेच डोळे मिटले. दुसऱ्या वाक्याला आणखी दोघांनी. भय्यासाहेबांना मात्र ते दिसत नव्हतं. त्यांचं लक्ष त्या झाकणाकडे होतं. ते एका बाजूने हळूहळू खाली येत होतं.

ते मांजरासारखे गुडघ्यांवर टेबलापर्यंत आले, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून डोकं खाली घातलं, आणि दोन डब्यांच्या मधून हात घालून झाकण वर दाबून धरलं. दोन मिनिटांत त्यांना समजलं की व्हिडिओतला मुलगा तव्याबद्दल खरं बोलत होता.

"स्स्स!"

"...भाषेच्या जडणघडणीत..." विनताबाईंनी खाली पाहिलं. नवरा टेबलाला नमस्कार घालून बसला होता. "काय करून राहिले तुम्ही?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"तू बोल न! मी धरून आहे."

"काय धरून आहे?"

"काही नाही. लॅपटॉपचं बूड."

विनताबाईंनी आवाज बंद करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सगळा कीबोर्ड मेल्यासारखा पडला होता. भय्यासाहेबांचा अंगठा आतल्या एका पिवळ्या फितीवर पडला होता आणि ती निसटून आली होती. आता आवाजही बंद होईना आणि कॅमेराही. नेमक्या त्याच वेळी बेबीताई हातात झारा घेऊन आल्या.

"भय्या, कोणत्या दुकानातून हे कलौंजीचे काळे दाणे आणून राहिला तू? केव्हाची परतून राहिली मी, तडतडायचं नाव नाही! वांगी करपली, कलौंजी तशीच्या तशी!"

भय्यासाहेबांनी मान वळवली. "ताई, वाटीतली?"

"हो मग! आजकालच्या मालात दमच नाही राहिला."

"अगं, ती कलौंजी नाही, ते स्क्रू आहेत!"

"असं? म्हणून जड लागून राहिली."

विनताबाई पुण्याला विसरल्या. महिनाभराचं "करत आहे" कुठल्या कुठे गेलं. "कशाचे स्क्रू? अहो, तुम्ही लॅपटॉप खोलला? मी सांगून गेली होती न, हात नका लावू म्हणून? काहून लावला? बोला न, काहून लावला?"

"आवाज करून राहिला होता तो!"

"आणि आता तुम्ही करून राहिले! त्याच्यापेक्षा तो बरा होता!"

"विनता, हात भाजून राहिला माझा, थोडं लवकर बोल—"

"भाजू द्या! इस्त्री मारली, घड्याळ आडवं पाडलं, आता माझ्या भाषणाच्या मागे लागले! आणि ताई, तुमच्या तोंडात काय आहे?"

बेबीताईंनी गाल बदलला. "आवळ्याची गोळी. बशीत होती. पण खूप जुनी आहे बाई, केव्हाची चघळून राहिली, विरघळतच नाही. तीन तर गिळल्या तशाच."

"नर्मदे हर!" टेबलाखालून भय्यासाहेब ओरडले. "ताई, ते लॅपटॉपचे पाय होते!"

बेबीताईंनी शांतपणे उरलेला पाय तळहातावर काढून डोळ्यांजवळ नेला. "लॅपटॉपला पाय असतात?" त्यांनी विचारलं. "मग एका जागी काहून बसून राहतो तो?"

भय्यासाहेबांनी चटका असह्य होऊन हात काढला. झाकण खाली पडलं, त्याच्यामागे पंखा वायरीला लटकून आला. लवंगेचा एक शेवटचा खमंग वास सुटला आणि पुणं काळं झालं.

बेबीताईंना लिमलेट सोडा पाजून निजवलं. (डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की काळजी करू नका, रबर आहे, येईल आपलं आपण.) विनताबाई नव्या ब्लाउजमध्ये, नव्या साडीत, काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या. रडत नव्हत्या, रडल्या असत्या तर भय्यासाहेबांना सोपं गेलं असतं. ते बोटांना तूप लावून दारात उभे होते. सॉरी म्हणावं असं त्यांच्या मनात येत होतं, पण एवढ्याशा शब्दात एवढा लॅपटॉप मावेल असं काही वाटेना.

"हसले असतील सगळे," विनताबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पद्मजाताई. विनताबाईंनी तो उचलला खरा, पण कानाशी न्यायचं बळ नव्हतं, म्हणून स्पीकरवर टाकला.

"विनताताई! अहो, काय केलंत हे! व्याख्यान म्हणून बोलावलं आणि तुम्ही प्रयोगच दाखवलात! पहिल्या दोन मिनिटांची ती पुस्तकी भाषा, आणि मग एकदम खरी घरातली बोली. काय कल्पना! लोक हसून हसून बेजार झालेत. सगळे आता 'काहून, काहून' करताहेत. आमचे आजोबा तर झोपेतून उठून टाळ्या वाजवत होते. आणि तो शेवट, पडदा एकदम काळा! वा!"

विनताबाईंनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी छातीकडे बोट दाखवून, माझ्यामुळे, असं खुणेने सांगितलं.

"हो का?" विनताबाई सावकाश म्हणाल्या. "थोडी... तयारी करून राहिलो होतो आम्ही."

"ते कळतंच हो! दिवाळीनंतर पुण्यात मंचावर करायचं आपण हे. त्या कलौंजीवाल्या बाईंना नक्की आणा, काय सहज काम करतात! फक्त एक सुचवू? रागावू नका हं. ते नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ..."

भय्यासाहेब दोन पावलं पुढे आले.

"...ते जरा अति करतात. इतका बावळट नवरा खऱ्या आयुष्यात नसतो हो, प्रेक्षकांना पटत नाही. दुसरं कुणी मिळेल का?"

विनताबाईंनी नवऱ्याच्या तूप माखलेल्या बोटांकडे पाहिलं.

"बघते," त्या म्हणाल्या. "पण इकडे चांगला माणूस मिळत नाही न, पद्मजाताई. लग्नापासून मी याच्यावरच भागवून राहिली."