रंगोबाच्या ढोलीतलं लाकडी फ्लोअरिंग

एका जंगलात, बाळांनो, एक म्हातारा बेहडा होता. त्याच्या खोडात मोठी ढोली होती. रंगोबा धनेशाच्या पणजीने तिथेच अंडी घातली, आजीने घातली, आईनेही घातली. म्हणजे घर जुनं आणि नावाजलेलं.

धनेश पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नवरा खाऊ आणील, या भरवशावर ती बसते.

रंगोबाची बायको गिरजा अशीच आत बसली. रंगोबा उंबरं आणायला निघाला. तेवढ्यात ठोकेसाहेब आले. ते सुतारपक्षी, पण हल्ली नुसता सल्ला द्यायचे. फटीतून डोकावून ते म्हणाले, "अरेरे! एवढं जुनं घर आणि खाली नुसता भुसा?"

रंगोबा मुळात भिडस्त. तो ओशाळला. "मग काय घालावं, साहेब?"

"लाकडी फ्लोअरिंग. पण जंगलाला इजा न करता मिळालेलं लाकूड हवं हं. लोक विचारतात."

"अहो," आतून गिरजा म्हणाली, "मी लाकडातच बसलेय की! खाली लाकूड, वर लाकूड. आधी उंबरं आणा."

"आणतो गं. पण उद्या पिल्लांनी विचारलं तर?"

"पिल्लांना आधी अंडी लागतात. आणि अंड्यांना उंबरं लागतात."

रंगोबाला पटलं. पण वाटेत साग भेटला. "मला एवढं व्हायला किती वर्षं लागली, ठाऊक आहे?" साग म्हणाला. रंगोबाने त्याची माफी मागितली. बांबू झटपट वाढतो, पण तो नदीपलीकडून आणायचा म्हणजे वाहून आणणाऱ्या बगळ्यांची दमछाक. एक ऐनाचा वृक्ष आपणहून पडलेला होता, पण त्यात भुंगेरे राहत होते. "आम्ही कुठे जायचं?" त्यांनी विचारलं. रंगोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो रिकाम्या चोचीने परतला.

"अहो, उंबरं?"

"अगं, भुंगेऱ्यांचा प्रश्न फार गंभीर आहे."

फटीतून बाहेर आलेली चोच तशीच उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी ती थोडी खाली झुकली.

शेवटी ठोकेसाहेबांनीच तोडगा काढला. "लांबून आणायला नको, कुणाला उठवायला नको. चांगलं मुरलेलं लाकूड." आणि त्यांनी ढोलीवर टकटक केलं.

"पण ही तर भिंत आहे!"

"जुन्या घरात जुन्या घराचंच लाकूड! याहून निर्मळ काय असणार?"

रंगोबा हरखला. कुणालाच न दुखावणारं लाकूड मिळालं होतं. ठोकेसाहेबांनी पुढची भिंत फळ्या-फळ्यांनी सोलली, आत अंथरली, घासून गुळगुळीत केली.

सगळं जंगल बघायला लोटलं. फटीतून डोकवायची गरजच नव्हती. फट भिंतीत होती आणि भिंत खाली अंथरलेली होती.

"काय चकाकतंय!" मोर म्हणाला. माकड बसून बघायला गेलं आणि घसरून थेट खाली पडलं.

गिरजाने पडलेल्या माकडाकडे पाहिलं. मग वर घिरट्या घालणाऱ्या घारीकडे पाहिलं. आणि ती अर्ध्या पिसांनी फांदीफांदीवरून उड्या मारत शेजारच्या जांभळीत गेली. तिथे घुबडाने सोडलेली धुळकट ढोली होती. ती आत शिरली आणि तिने दार लिंपून घेतलं.

रंगोबा घाबरून मागोमाग आला. "अगं, तिथे खाली काय आहे?"

फटीतून चोच आली. "भुसा. उंबरं आणा."

या वेळी रंगोबा सरळ उंबराकडे गेला. परतताना बेहड्यापाशी हीऽ गर्दी. "मालक, लाकूड कुठलं हो?" कुणीतरी विचारलं. रंगोबाच्या चोचीत उंबरं होती. त्याला उत्तर देता आलं नाही, आणि गिरजाला त्या दिवशी जेवण मिळालं.

तात्पर्य : जंगल वाचवायची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. घर संपलं की जंगलाला आपल्यापासून काही धोका उरत नाही.