वाजलं ते लिहिलं

मोहरील माझ्या शिंकेचाही हिशोब मात्रांत ठेवायचा. नाटकाच्या तालमीत ऑर्गन वाजवताना मी शिंकलो, की तो पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करी आणि स्वरांच्या ओळीत लिही, 'दीड मात्रा, शिंक.' हे कशाला म्हणून विचारलं, की ठरलेलं उत्तर, "वाजलं ते लिहिलं."

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. मोहरील तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. दुसऱ्यानं काढलेला नकाशा रेघेवर रेघ ठेवून उतरवायचा, हे त्याचं काम. मी सेंट्रिंगचं लाकूड पुरवणारा ठेकेदार, शाळा चौथीपर्यंत. ऑर्गन शिकलो तो एका फिरत्या नाटक कंपनीत सुतारकाम करताना, भाता दुरुस्त करता करता. नोटेशन मला येत नाही. पदाच्या मधल्या जागा मी सुचेल तशा भरतो आणि आज भरली तशी उद्या भरत नाही.

नेमकं हेच मोहरीलला सोसायचं नाही. मध्येच हात वर करायचा.

"भाऊ, आता वाजवलं तेच वाजवा न एकदा."

"आता काय वाजवलं ते मले काय माहीत?"

"मग वाजवलं कोणी?"

दोनदा मी त्याच्यावर तबलजीची हातोडी उगारली. दोन्ही वेळा त्यानं शांतपणे 'इथे थांबले' असं लिहून घेतलं.

गणेशोत्सवात नाटक बसवणाऱ्या आमच्या मराठी मंडळाच्या ऑर्गनची एक पट्टी मुकी होती. बोट तिथवर गेलं की मी शेजारच्या पट्ट्यांवरून वळसा घालायचो. मोहरीलनं तो वळसाही रद्द नकाशांच्या पाठीवर सुबक उतरवला, जणू मोठी कारागिरीच.

एका वर्षी गणेशोत्सवातल्या नाटकाआधी मंडळाला शोध लागला, की एका साहेबांचे नागपूरचे जावई नोटेशन वाचून वाजवतात. मंडळानं नवा ऑर्गन आणला, त्यावर जावई बसवले आणि त्यांच्यापुढं मोहरीलचे कागद मांडले. चार वर्षं फुकट वाजवणाऱ्या मला 'यंदा येऊ नका' हा निरोप आला तो चपराशाबरोबर. मी हॉलच्या खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं. सगळ्या पट्ट्या धडधाकट असलेल्या ऑर्गनवर तो गृहस्थ माझा वळसा घालत होता आणि सेक्रेटरी मान डोलवत होते.

माझं डोकं फिरलं. कागद नसले तर जावई काय वाजवणार? तालीम संपली की मोहरील कागद घरी नेतो, हे मला ठाऊक होतं. रविवारी सकाळी मी सेक्टर १० मधल्या त्याच्या खोलीवर गेलो. सौदा मनाशी ठरवला होता. सागवानी टेबल देऊ, अडून बसला तर वर खुर्ची.

पण टेबलाचं नाव काढायची वेळच आली नाही. मी कागद मागितले आणि त्यानं पलंगाखालून अख्खं भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं. वाजवलं तुम्ही, तुमचंच आहे, म्हणाला. घासाघीस करायला आलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान नसतो.

"एक पान ठेवून घेऊ काय?" त्यानं विचारलं.

आता दाखवेल बेरकीपणा, मी मनात म्हटलं. सगळ्यात चांगलं तेवढं काढून घेईल. त्यानं चाळून एक पान काढलं. वर स्वरांच्या दोन ओळी, आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत मात्रांच्या उभ्या रेघा. घरं सगळी रिकामी.

"हे तं कोरं आहे."

"त्या दिवशी तुमचं बोट चेपलं होतं. दोन ओळी वाजवून तुम्ही इथं आले, चहा घेतला. इतका वेळ बसले होते." त्यानं बोट रेघांवरून सावकाश खालपर्यंत नेलं. "या खोलीवर दुसरं कोणी येत नाही न."

मला तो चहा आठवत नव्हता. ते पान मी त्याच्याजवळ राहू दिलं. बाकीचं काखोटीला मारलं.

"बसता थोडं?" त्याचा हात स्टोव्हकडे गेला होता.

खाली ट्रक थांबला आहे, असं सांगून मी जिना उतरलो. मी सायकलनं आलो होतो.