पडद्याच्या टांग्यातली आत्या

"माझा रस्ता कधी चुकत नाय!" असं भावाला ठणकावून चतुराबाईनं दिवाळीच्या सुट्टीचे दोन दिवस उरलेले असतानाच औरंगाबादची गाडी धरली. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय सव्वीस. नवरा हैदराबादला नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला. गुलमंडीवरच्या भाड्याच्या खोलीत तिची वाट पाहायला होतं फक्त एक गळकं मडकं! पण भावाकडं तरी कोण तिच्याशी दोन शब्द बोलत होतं?

स्टेशनाबाहेर चहूबाजूंनी पडदे बांधलेला टांगा उभा होता. 'एक बाई, एक पेटी' एवढाच हुकूम घेऊन आलेल्या टांगेवाल्यानं पेटी पाहिली, अदबीनं मान फिरवली आणि ती आत बसून 'गुलमंडी' म्हणेपर्यंत घोडा दौडवला!

टांगा थांबला तो एका परक्या घराच्या मागच्या अंगणात.

"आत्याबाई आल्या! सूनबाई, तुमची आत्या आली!"

'मी आत्या नाही' म्हणायला चतुराबाईनं तोंड उघडलं, तर त्यात अनारसा गेला. तो गिळेस्तोवर पाय धुऊन झाले. सासूबाई निरखत म्हणाल्या, "लग्नाला आला नव्हतात. लई तरण्या हाव की!"

तेवढ्यात ओसरीवरून पुरुषी आवाज आला, "तार आलीय! आत्याबाईला ताप, येत नाय!"

"मग ह्या कोण?"

चतुराबाईनं पेटी जवळ ओढली. सूनबाईनं मान वर केली. सहा महिन्यांत तिनं माहेरचं माणूस पाहिलं नव्हतं.

"आत्याच हाय माझी. तार केल्यावर उतरला असंल ताप."

मग दोघी दिवसभर हातात हात घेऊन बोलत बसल्या. इतकं हसणं चतुराबाईच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. संध्याकाळी 'आत्याची परतीची गाडी' म्हणून तिला स्टेशनावर सोडायला पुन्हा टांग्याचे पडदे बांधले गेले.

"पुन्हा याल ना?" सूनबाई कुजबुजली.

"येते की! माझा रस्ता चुकत नाय!"

पुढच्या रविवारी ती निघाली. पण कुणाकडं? त्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. तिथं सगळे 'मालक' आणि 'हे'. पडद्यातून रस्ता दिसला नव्हता. टांगेवाल्याची फक्त पाठ! आणि सूनबाईचं नाव विचारायचंच राहिलं.

शेवटी रिकामी पेटी घेऊन ती स्टेशनाबाहेर पडद्याच्या टांग्यात जाऊन बसली.

"कहाँ चलना है, बाईसाब?"

चार रविवार झाले, चतुराबाईला ह्याचं उत्तर देता येत नाही. "गुलमंडी," म्हणते आणि आपल्याच खोलीवर येऊन उतरते. रस्ता मात्र एकदाही चुकलेला नाही!