इंदू खारीची उड्या मारणारी पूजा

एका जंगलात, बाळांनो, नदीच्या अलीकडे राहायची इंदू खार आणि पलीकडे राहायची तिची आई. आईचे गुडघे गेलेले. फांदीवरून फांदीवर येणं आता व्हायचं नाही. इंदूने सोळा सोमवारचं व्रत धरलं, तेव्हा आईने निरोप धाडला, "पोरी, तुला पूजेला बसलेली एकदा डोळे भरून बघू दे. मग माझं काही मागणं नाही."

आता त्या जंगलात व्हिडिओ होता बरं का! सुतारपक्षी चोचीने पानापानावर चित्र टोचायचा. पानं भरभर उलटली, की चित्र हलायचं. नदीवर वेल मात्र एकच. तिच्यावरून मुंग्या एकेक पान पलीकडे न्यायच्या. आणि एका पूजेची पानं होत चार हजार!

"वहिनी, पुढच्या श्रावणात पोचेल हं," मुंग्या म्हणाल्या.

इंदू रडकुंडीला आली. तेवढ्यात कोल्हेपंत आले. शहराच्या उकिरड्यावर दोन वर्षं काढून ते कॉम्प्रेशन शिकून आले होते.

"सोपं आहे हो, इंदूताई! पहिलं चित्र अख्खं पाठवायचं. पुढे फक्त जे हललं, तेवढंच. तुमच्या मागचा वड हलला का? नाही ना? मग तो पुन्हा पुन्हा कशाला? मुंग्यांनी काय जन्मभर वड वाहायचा?"

"पण आईला सगळं दिसेल ना?"

"न हललेलं पहिल्या पानावरून घ्या, असं तिकडे सांगायचं. चार हजारांची चाळीस पानं!"

मुंग्यांनी आनंदाने फुगडी घातली.

सोळावा सोमवार उजाडला. इंदू न्हाली, पाटावर बसली, डोळे मिटले. असं ध्यान लागलं, असं लागलं, की मिशीचा केसही हलेना. मागे दामू कावळ्याने चुरम्यावर तीनदा झडप घातली, तुपावरून घसरला, ताम्हनात पडला आणि पंख झाडत उठला.

पानं निघाली. पहिलं पान वाटेत एका सुरवंटाने खाल्लं. बाकीची सुखरूप पोचली.

आईचा निरोप आला, "व्हिडिओ मिळाला. जावईबापू फारच चपळ झालेत. पण इतके काळे कधीपासून? आणि तू कुठे आहेस गं?"

इंदू धावत पंतांकडे गेली. "पंत, मी कुठाय?"

"ताई, तुम्ही हललातच नाही! आमच्या लेखी तुम्ही वड."

"अहो, मी ध्यानाला बसले होते!"

"तिथेच चुकलं."

"मग अख्खं चित्र मधूनमधून पाठवा ना."

"छे छे! मग आमच्या विद्येचा उपयोग काय?"

आता उरला सतरावा सोमवार, उद्यापनाचा. त्यानंतर आईने बघायचं काय? इंदूने महादेवाला हात जोडले. "देवा, आजच्या दिवस सांभाळून घे रे."

आणि सुरू झाली! प्रत्येक बेलाच्या पानाला एक उडी. घंटा हाताने, निरांजन शेपटीने. प्रदक्षिणा कोलांट्यांनी. तिला बघून ससे उड्या मारू लागले. अस्वलकाकूंनी पदर खोचला आणि आरतीत असा ठेका धरला, की नंदी हलला म्हणून सुतारपक्ष्याने तोही टोचला. दामू तेवढा चोच वासून जागच्या जागी थिजला. त्याचं एक पीससुद्धा पलीकडे गेलं नाही.

सगळं जंगल वेलीपाशी थांबलं. संध्याकाळी निरोप आला.

"दिसलीस गं बाई, शेपटीच्या टोकापर्यंत दिसलीस! मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली तुझी. पण खरं सांग, पूजा चालली होती, की अंगावर पाल पडली होती?"

इंदू इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचेना.

तात्पर्य : मुलांनो, पूजेला बसाल तेव्हा भरपूर चुळबुळ करा. स्थिर बसलेला भक्त फक्त देवालाच दिसतो.