एर्दालबेय यांचं कस्टम्स

आमच्या दोहातल्या मुशैरिबच्या ऑफिसात दुपारी चार वाजता तुम्हाला कोणी "ग्युनायदन", म्हणजे तुर्कीतलं गुड मॉर्निंग, म्हणालं तर ते एर्दालबेय समजावेत. त्यांचं घड्याळ बरोबर असतं. तुर्क एरवी "मेरहबा" म्हणतात, पण तो शब्द मूळचा अरबी. "सेलाम"ही अरबी. मग उरली सकाळ. ती ते संध्याकाळच्या लिफ्टपर्यंत पुरवतात.

एर्दालबेय ("बेय" म्हणजे आपलं "राव") आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर. साठीला टेकलेले, मिशा पांढऱ्या, इस्त्री कडक. शंभर वर्षांपूर्वी साम्राज्य मोडून त्यांचं राष्ट्र उभं राहिलं. लिपी बदलली, अरबी-फारसी शब्द हुडकून बाहेर काढले, नवे तुर्की शब्द घडवले. बाकीच्या तुर्कांच्या लेखी ते काम कधीच संपलं. एर्दालबेय अजून ड्युटीवर आहेत. कॅन्टीनमध्ये एखादा तरुण तुर्क उत्तराला "जेवाप" म्हणाला की हे चमचा आडवा धरतात आणि म्हणतात, "कस्टम्स." तो बिचारा निमूटपणे "यानित" म्हणून सुटका करून घेतो. आणि हे सगळं दोहात, जिथे "यल्ला", म्हणजे अरबीतलं "चला", म्हटल्याशिवाय काँक्रीटसुद्धा सेट होत नाही.

आमच्या इजिप्शियन ड्राफ्ट्समनने एकदा त्यांना गाठलं. "तुमच्या प्रजासत्ताकाला तुम्ही काय म्हणता?"

"जुम्हुरियेत."

"तो तर आमचा शब्द."

एर्दालबेय शांतपणे म्हणाले, "त्याला आम्ही नागरिकत्व दिलंय."

माझ्यावर त्यांचा लोभ जडला तो लायटरमुळे. तुर्कीत लायटरला "चाकमाक" म्हणतात. मी त्यांना आमची चकमक सांगितली, वर तोफही सांगितली. त्यांनी लगेच डायरीत लिहिलं, "एक्स्पोर्ट." तेव्हापासून मी कुलकर्णीबेय झालो.

गेल्या हिवाळ्यात आई नाशिकहून आली होती, तेव्हा एका शुक्रवारी त्यांना अबू हमूरला घरी जेवायला बोलावलं. दही ही तुर्कांनी जगाला दिलेली देणगी आहे असं सांगत त्यांनी थालीपिठाबरोबर तीन वाट्या दही संपवलं. आईने माझ्या मुलीला हाक मारली, "ईरा, काकांना लोणी वाढ गं."

आतून आवाज आला, "वन मिनिट आजी, आय ॲम बिझी."

एर्दालबेय यांनी मान वर केली. "दोघी वेगवेगळ्या भाषा बोलतात?"

"तिला मराठी सगळं कळतं," मी म्हणालो. "उत्तर तेवढं इंग्रजीत."

ते जेवायचे थांबले.

"माझी आजी क्रीट बेटावरची," ते म्हणाले. "ग्रीक आणि तुर्की सरकारांनी धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. ही मुसलमान, म्हणून तुर्क ठरली आणि बोटीत बसली. येत होती फक्त ग्रीक. मी सात वर्षांचा असताना तिने मला बाजारात ग्रीकमधून हाक मारली. वर्गातली मुलं बाजूलाच होती. मी मोठ्याने म्हणालो, तुर्की बोल."

"मग?"

"मग बोलली. मोडकंतोडकं, पण तुर्कीच. मरेपर्यंत माझ्याशी दुसरं काही बोलली नाही. शेजारणींशी मात्र स्वयंपाकघरात ग्रीकमधून बोलायची आणि त्या हसून हसून लोळायच्या. मी आत गेलो की गप्प. सगळे म्हणतात, बाई फार विनोदी होती." त्यांनी ताटाकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

आईला आमचं इंग्रजी कळलं नव्हतं. पाहुणा ताटावर हात धरून बसलाय, एवढंच तिला दिसलं. ती खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली आणि मराठीतून त्यांना सांगू लागली की ही भाजणी घरची आहे, गिरणीवाल्याने एकदा तिच्यात कुणाची तरी मिरची दळली होती आणि घरभर कशी शिंकांची साथ आली होती. मी भाषांतर करायला तोंड उघडलं.

"नको," एर्दालबेय हात वर करून म्हणाले. "बोलू द्या त्यांना."

आई अर्धा तास बोलली. ते एकटक बघत ऐकत होते. ती हसली की तेही हसत होते, एक क्षण उशिरा.