सॉकेट आणि साडू

स्वयंपाकघरातलं सॉकेट स्वतः दुरुस्त करायचं मी ठरवलं, त्याचं कारण वीज नव्हती. कारण माझे साडू होते.

माझ्या साडूंमध्ये काही म्हणजे काही खोट नाही, आणि माझी नेमकी तीच तक्रार आहे. ते एका दमात गाडी पार्क करतात. पन्नाशीतही त्यांना कंगवा लागतो. (माझं टॉवेलवर भागतं.) ते आले की बायको ठेवणीतले कप काढते. मला ज्या कपात चहा मिळतो, त्याचा कान कधीच तुटलाय.

तर त्या रविवारी बायकोनं मिक्सर लावला आणि सॉकेटमधून 'चर्र' आवाज आला.

"अहो, काहीतरी जळतंय!"

"मी कशाला जळू?" मी पेपरात तोंड खुपसून म्हणालो. (नुकतीच ती साडूंच्या बढतीबद्दल बोलत होती.)

"तुम्ही नाही हो, सॉकेट! ताईला विचारते. तिच्याकडे अस्संच झालं होतं, तर त्यांनी घरच्या घरी करून टाकलं."

'त्यांनी'! त्या एका शब्दात केवढा आदर! आमच्या वाट्याला नुसतं 'अहो'.

"कुणाला विचारायचं नाही. मी करतो," मी गरजलो.

पहिलं काम मेन स्विच बंद करणं, एवढं मलाही कळतं. जिन्यातल्या बोर्डावर सगळ्या बिऱ्हाडांचे स्विच एका रांगेत आहेत. त्यातला एक मी झोकात खाली ओढला. घरात येऊन बघतो, तर आमचा पंखा मजेत फिरतोय आणि दारात शेजारचे काका. एका गालाची दाढी झालेली, हातात बंद पडलेलं मशीन.

"लाईट गेली का हो?"

"आमच्याकडे आहे," मी म्हणालो. (खोटं थोडंच होतं?)

काकांचा दुसरा गाल चालू करून मी आमचा स्विच शोधला, पंखा थांबल्याची खात्री केली आणि सॉकेट उघडलं. आत तीन वायरी. एकीचं टोक जळून कोळसा झालेलं. मी ते कापलं. आता ती आखूड दिसायला लागली, म्हणून बाकीच्या दोघी कापल्या. त्या जरा जास्तच कापल्या गेल्या, म्हणून पुन्हा पहिली. असा न्यायनिवाडा करता करता तिघीही भिंतीत दिसेनाशा झाल्या.

त्यांना बाहेर काढायला स्क्रूड्रायव्हरनं जरासं उकरलं. जरासं प्लास्टर पडलं. मग बरंचसं पडलं. मग एक अख्खी टाइल ओट्यावर येऊन फुटली.

बायको धावत आली. भिंतीकडे बघत राहिली.

"सॉकेट बसवताय की खिडकी?"

"तेवढीच हवा खेळती राहील."

तिनं फोन उचलला. "ताई, दोघंही लगेच या. बॅग घेऊन."

मी मनातल्या मनात हात जोडले. देवा, निदान त्यांना पार्किंग तरी मिळू देऊ नकोस! मिळालं. एका दमात.

साडू आत आले. हातात हत्यारांची देखणी कातडी बॅग, कपाळावर एकही आठी नाही. भिंतीतलं भगदाड बघून ते हसलेसुद्धा नाहीत. (हसले असते तर निदान भांडता आलं असतं.) त्यांनी बॅग ओट्यावर ठेवली, उघडली, आणि बाजूला झाले.

थोरल्या मेहुणीनं बाह्या सरसावल्या. "टेस्टर!"

साडूंनी टेस्टर दिला आणि टॉर्च धरला.

"हे... ताई करणार?" मी पुटपुटलो.

"मग कोण?" बायको म्हणाली. "मघाशी सांगितलं ना, त्यांनी घरच्या घरी केलं म्हणून! केलं ते ताईनंच. भाऊजींना साधा बल्ब बदलता येत नाही."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतक्या वर्षांत साडू मला पहिल्यांदाच सख्ख्या भावासारखे वाटले.

ताईंनी आत प्रवाह नाही हे टेस्टरनं पाहिलं, वायरींना नवे तुकडे जोडले, नवं सॉकेट बसवलं. "भोक मात्र गवंड्याकडून बुजवून घ्या हं, जावईबापू," म्हणाल्या. मेन चालू केला. मिक्सर फिरला. बायकोनं कौतुकानं मान डोलावली आणि माझ्याकडे वळली.

"पाहिलंत? भाऊजींनी टॉर्च कसा धरला होता! इतका वेळ, पण हात म्हणून हलला नाही. तुम्हाला जमेल?"

ठेवणीतले कप निघाले.

पाहुणे गेल्यावर मी बाथरूमचा दिवा घालवला आणि टॉर्च धरून उभा राहिलो. बराच वेळ. हात दगडासारखा स्थिर! मी विजयी आवाजात बायकोला हाक मारली. ती आली. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अहो," ती म्हणाली, "उलटा धरलाय. उजेड तुमच्या पोटावर पडतोय."