दर्या पैलराज्यास दिल्याची हकीकत

श्रीवायुनंदन समर्थ. ज्याने एका उड्डाणात समुद्र लंघिला आणि त्याकामी कोणाशी भागीदारी केली नाही, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, आमचे राज्यी हवाई आरमाराचे जे वर्तमान जाहले, ते जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहितो. लिहिणार कोण, हे पुसू नये. त्याच आरमाराचे अन्न खाल्ले, इतके पुरे.

तर राज्य थोर आणि आरमार त्याहून थोर. लहान विमाने गावोगावी जात आणि थोरली विमाने दर्या ओलांडोन पैलराज्यास जात, आणि थोरल्या विमानाचे डावे आसनी मुख्य चालक होऊन बसावे, हाच प्रत्येकाचे जन्माचा मनसुबा. त्या आसनाची रीत ऐसी की, जो आधी चाकरीस लागला तो आधी चढेल. तेथे वशिला चालेना, खुद्द दिवाणसाहेबांचा भाचा आला तोही रांगेचे शेपटास उभा राहिला. आणि दुसरी रीत ऐसी की, विमान हलण्यापूर्वी एकाने यादी वाचावी आणि दुसऱ्याने त्या त्या वस्तूकडे डोळ्यांनी पाहोन 'पाहिले' म्हणावे. इंधन? पाहिले. दारे? पाहिले. पंख? पाहिले. या एका शब्दावर लक्षावधी माणसे सुखरूप घरी गेली, आणि हा शब्द चालकांचे जिभेवर ऐसा बसला की, घरी कोणी 'भाजीत मीठ?' म्हणोन पुसले तरी ताटाकडे नजर टाकोन 'पाहिले' म्हणत, आणि मग आळणी जेवत.

त्या रांगेत सगुणाबाई खरमाळे म्हणोन एक चालक होत्या. त्यांचे वडील लिंबाजी, सरकारी मोटारीवर चालकाची चाकरी करोन म्हातारे जाहलेले. त्यांस खोड ऐसी की, कोणत्याही गाडीत पाय ठेवण्याआधी 'चालवतंय कोन?' म्हणोन पुसावे आणि चालकाचे तोंड पाहोन मगच बसावे. लेक विद्या शिकत होती तेव्हां स्वयंपाकघरात दोन पाट मांडोन बापलेक शेजारी बसत, आणि लिंबाजी अडखळत यादी वाचीत आणि लेक 'पाहिले' म्हणे, आणि चुलीवरचे दूध उतू जाई ते मात्र कोणी पाहत नसे. पुढे लिंबाजींचा थोरला लेक भिकाजी पैलराज्यी जाऊन राहिला आणि वडिलांस बोलावू लागला. लिंबाजी बोलिले की, "म्या पान्यावरनं जाईन तर सगुणीच्या हातानं. दुसऱ्या कुनाच्या न्हाई." सूनबाई रुसल्या, भिकाजी रागे भरला, परंतु म्हातारा हटेना. ऐसी वर्षे गेली आणि सगुणाबाईंचे केस पिकू लागले, आणि रांग सरकत सरकत त्यांजपाशी आली. पुढे एकटे हैबतराव जगथाप काय ते राहिले. हे चालकांचे संघाचे मुखत्यार, बहुत सज्जन, आणि यांची चाकरी संपत आलेली.

इतक्यात दिवाण विसाजीपंत यांनी पैलराज्याशी भागीदारीचा तह मांडिला. तहाचा मतलब ऐसा की, दोन्ही राज्यांनी एकमेकांची तिकिटे विकावी, विमान कोणाचेही उडो, मिळकत एका पेटीत पडावी आणि वाटोन घ्यावी. मग चालकांस दरबारी पाचारण जाहले, आणि सर्व टोप्या मांडीवर ठेवोन बसले, आणि विसाजीपंत कलमे वाचू लागले. वाचण्याची ढब नेमकी विमानातील यादीची. हे कपट होते की सहज घडले, ईश्वर जाणे. "उतारूंची सोय?" हैबतरावांनी कलम नीट पाहिले आणि बोलिले, "पाहिले." "चालकांची विश्रांती?" येथे मात्र चालकांनी बारीक खोदोन पुसले, वादावादी केली, हवे ते पदरात घेतले आणि बोलिले, "पाहिले." "कोणास चाकरीवरोन काढणार नाही?" "पाहिले." सगुणाबाईही सर्वांबरोबर म्हणाल्या. परंतु यापुढे दर्यावर कोणाचे विमान जाईल आणि त्यात कोण बसेल, हे यादीतच नव्हते. आणि यादीत नाही ते पुसावे ऐसी सवय त्या बिचाऱ्यांस नव्हती. तह जाहला, साखर वाटिली आणि सर्व आनंदे घरी गेले. आजही ती साखर आठवली की जीभ कडू होते.

मग हैबतरावांचे अखेरचे उड्डाण जाहले, तेव्हां सगुणाबाई उजवे आसनी होत्या. विमान धरणीस टेकले, उतारू उतरले, आणि हैबतराव उठले, आणि आपले रुमालाने डावे आसन पुसोन बोलिले, "बस, बाई. आता हे तुजं. तुज्या आबास्नी म्हनावं, परवासाची कापडं शिवाया टाका." बाई बसल्या, आणि दोन्ही हातांनी चक्र धरोन लहान पोरासारख्या रडल्या. परंतु इकडे दरबारी विसाजीपंतांनी विचार केला की, मिळकत वाटोनच घेणे, तर दर्याची झीज आपण कां सोसावी? पैलराज्याची विमाने नवी, चालक त्यांचे. आपण गावोगावचे लोक दर्याकाठचे विमानबंदरापर्यंत आणोन पोचवावे, पुढील पाणी त्यांनी ओलांडावे. मग एक दर्यामार्ग गेला आणि पाठोपाठ दुसरा गेला, आणि तिकिटावर मुद्रा मात्र आमचे राज्याचीच राहिली. थोरली विमाने मैदानी नेऊन तोंडास लाल फडकी बांधोन उभी केली, आणि त्यांत साळुंक्यांनी घरटी केली. कोणाची चाकरी गेली नाही, म्हणोन राज्यात बोंब जाहली नाही. सगुणाबाई पुन्हा लहान विमानी बसल्या. लोकांस बंदरी आणोन सोडावे, आणि ते लोक पैलराज्याचे विमानाकडे चालत जाताना काचेतून पाहत राहावे, ऐसी त्यांची चाकरी जाहली, आणि ही गोष्ट त्यांनी घरी वडिलांस सांगितली नाही.

मग एके दिवशी सर्व चालक पोशाख चढवोन दरबाराचे दारी मुकाट उभे राहिले. हैबतरावही जुना पोशाख इस्त्री करोन आले. तो पोटावर लागेना, तरी ओढोन लाविला. विसाजीपंत बाहेर आले आणि गोड शब्दे बोलिले, "कोणाची भाकरी काढली का आम्ही? एकेक कलम वाचून दाखवलं. आपण सर्वच 'पाहिले' म्हणालात ना?" हैबतराव बोलिले, "व्हय, म्हनालो. पन सायेब, आमचा दर्या गेला." दिवाण हसोन बोलिले, "दर्या आहे तिथेच आहे, हैबतराव. ऊन वाढलं, घरी जा." आणि आत गेले. तेव्हां हैबतरावांनी टोपी काढिली आणि सगुणाबाईंस बोलिले, "पोरी, सारा जलम यादी तपासण्यात गेला. यादी कोन लिहितंय, त्ये बघाया इसरलो. माफ कर." उन्हात उभे राहोन सर्व पांगले.

पुढे लिंबाजींचे छातीत कळ येऊ लागली, आणि वैद्य बोलिले, दूरचा प्रवास करणे तर आताच करावा. भिकाजीचे लेकीचे लग्नही ठरले. मग सगुणाबाईंनी रजा घेतली आणि दोन तिकिटे काढिली. त्यांवर आपले राज्याची मुद्रा पाहोन लिंबाजींस वाटले, लेकच नेते. ते नवे धोतर नेसले, त्यांनी फेटा बांधिला आणि आळीतल्या दारोदारी जाऊन सांगितले की, "सगुणी नेती मला." हे बाईंनी ऐकिले, आणि आज सांगू, उद्या सांगू म्हणता बंदर आले. बाई साधे लुगड्यात. लिंबाजींस वाटले, आत जाऊन पोशाख चढवील. हात धरोन बाईंनी त्यांस आसनी बसविले, आणि आपणही शेजारी बसल्या. लिंबाजींस वाटले, बापाची सोय लावोन मग पुढे जाईल. तो म्हातारा आनंदात होता. त्याने पाठ असलेली जुनी यादी काढिली. "पट्टा?" बाई बोलिल्या, "पाहिले." "दार?" "पाहिले." "पंख?" बाईंनी खिडकीतून पाहिले आणि बोलिल्या, "पाहिले, आबा." तोच दार लागले आणि विमान हलले, आणि वरचे पेटीतून पुरुषाचा आवाज परभाषेत काही बोलिला. लिंबाजींनी समोर पाहिले, मग लेकीकडे पाहिले, आणि हळूच पुसले, "सगुणे, तू हितं बसलीस. मंग चालवतंय कोन?"

बाई बोलिल्या, "तेवढं पाहायचं राहिलं, आबा."

ऐसे हे वर्तमान जाहले. विमान वेळेवर उतरले, लग्न यथास्थित पार पडले, तहाने मिळकत वाढली आणि विसाजीपंतांस मानाची वस्त्रे मिळाली. लिंबाजी सुखरूप घरी आले. परंतु परतीचे विमानी चढताना, आणि त्यानंतर जितके दिवस वाचले तितके दिवस कोणत्याही गाडीत पाय ठेवताना, त्यांनी चालक कोण हे कधी पुसले नाही.